पेस्टिंगचे लाल हात आणि रात्रीची दारू

द्राक्ष बागायतदारांनो, गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आली आहे. परतीचा पाऊस अजून घुटमळतोय. उघडीप मिळाली की दिंडोरी, निफाड, तासगावला सगळे एकदमच कात्री लावतील. या घाईत दर हंगामाला एक गोष्ट राहून जाते, म्हणून तीच आधी सांगतो. पेस्टिंग, म्हणजे छाटलेल्या काडीला फुटीचं औषध लावण्याचं काम, करणाऱ्या माणसाने आदल्या दिवसापासून ते काम संपल्यावर सात दिवसांपर्यंत दारूला शिवायचं नाही. एक घोटही नाही.

काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून लावतो ते औषध म्हणजे हायड्रोजन सायनामाईड. बाटलीत निम्मं रसायन, निम्मं पाणी. नावात सायना असलं तरी हे सायनाईड नव्हे, याचं विष वेगळं आहे. दारू प्यायल्यावर शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाईड तयार होतं आणि मग एक एन्झाईम ते मोडून टाकतं. सायनामाईड त्या एन्झाईमलाच बंद पाडतं. मग तोंड-मान लालबुंद होते, डोकं ठणकतं, छाती धडधडते, धाप लागते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो आणि माणूस कोसळतो. जपानमध्ये दारू सोडवण्यासाठी डॉक्टर हेच रसायन मोजून देतात. आपल्याकडे ते न मोजता कातडीतून आत जातं. युरोपीय संघाने तर २००८ मध्ये त्याला मान्यताच नाकारली.

दोन हंगामांपूर्वी एका बागेत सकाळी गेलो, तर औषधाच्या बादल्या ओळीत तशाच पडलेल्या. तीन एकरांपैकी दीड एकर झालेलं. रात्री टोळीतले दोघं दवाखान्यात गेले, बाकीचे घाबरून सुरगाण्याला परतले. उरलेल्या काड्यांना चौथ्या दिवशी पेस्ट लागली. तिथे एका काडीवर पाच पानांची फूट आणि शेजारच्या काडीवर डोळा नुसता कापसलेला, म्हणजे फुगून कापसासारखा दिसणारा, पण न फुटलेला. डाऊनी या बुरशी रोगाची फवारणी, जीए या संजीवकात घड बुडवणं (डिपिंग), विरळणी, कशाचाच मेळ बसला नाही. अर्धा माल व्यापाऱ्याने नाकारला. माणसं वाचली, पण त्यांना दारूचं कोणी सांगितलंच नव्हतं. मुकादमाने नाही आणि मालकानेही नाही.

औषधात लाल रंग का टाकतो? लागलेली काडी ओळखू यावी म्हणून. तोच रंग संध्याकाळी माणसांकडेही पाहायला वापरा. मांडवाखाली हात वर करून काम करताना औषधाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून काखेत उतरतं. ज्याचा हात लाल, त्याच्या अंगात औषध गेलं असं समजा. त्याच हाताने तंबाखू मळली जाते, मिश्री लावली जाते. कापडी हातमोजे तर नकोतच, ते भिजतात आणि औषध दिवसभर कातडीला चिकटून राहतं. कोपरापर्यंतचे रबरी किंवा नायट्राईलचे मोजे घ्या आणि त्यांची कड बाहेरच्या बाजूला दुमडा, म्हणजे ओघळ तिथेच अडतो. डोळ्यांना गॉगल, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. कातडीला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा, नाहीतर फोड येतात.

शिफारस लिटरला ३० ते ४० मिलीची आहे, काडीची जाडी आणि तापमान पाहून. दुकानदार पन्नास-साठ सांगेल, वर फुटीचं टॉनिक आणि स्टिकरही (औषध चिकटून राहावं म्हणून मिसळायचं द्रव्य) गळ्यात मारेल. जादा डोसने काडीवरचे डोळे जळतात आणि माणसाचे हातही जळतात. त्या टॉनिकच्या पैशात अख्ख्या टोळीचे मोजे येतात. माझा शेतातला अंदाज असा की पानगळीनंतर डोळा बोटाला टपोरा लागत असेल, तर तिशीच्या वर जायची गरज पडत नाही.

बाकीची कामं नेहमीचीच:
- छाटणीआधी पाणी तोडणे, पानगळ
- काडी तपासणी
- छाटलेला पाला बागेबाहेर
- ४८ तासांत पेस्टिंग होईल तेवढीच छाटणी
- पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी पेस्टिंग बंद

बाटली पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. उष्णतेने हे रसायन विघटतं, डबा फुगतो आणि फुटूही शकतो. थंड, सावलीची, कुलपाची जागा हवी. मोजमाप आणि बादली प्लास्टिकचीच.

पुन्हा दारूवर येतो, कारण ती फक्त बाटलीतूनच येते असं नाही. अंगदुखीवरचं दशमूलारिष्ट, खोकल्याची काही सिरप, यांतही अल्कोहोल असतं. कामाच्या पहिल्या सकाळी टोळीला, बायकांसकट, समोर बसवून हे सांगा. रोजचे पैसे रात्री दारूत जाऊ नयेत म्हणून, उक्तं काम असलं तरी पैसे रोजच्या रोज देऊ नका, आठवड्याने एकदम द्या, असं मी सांगतो. काहींना ते पटत नाही, पण मला यापेक्षा चांगला उपाय दिसलेला नाही.

त्रास झालाच तर माणसाला "चढली असेल" म्हणून झोपवून ठेवू नका. भिजलेले कपडे काढा, अंग धुवा, मुद्दाम उलटी करवू नका. बाटलीचं लेबल सोबत न्या आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगा, हायड्रोजन सायनामाईड लागलं आहे आणि वर दारू घेतली आहे. यावर नेमका उतारा नाही, सायनाईडचा उताराही चालत नाही. रक्तदाब आणि श्वास सांभाळणं हाच उपचार, त्यामुळे वेळ फार महत्त्वाची. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा केंद्राचा मोफत नंबर १८०० ११६ ११७ शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवा. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ लावा.