मुलागणिक डिजिटल शिक्षणासाठी बाई-गुरुजींना सोबत कसं घ्यायचं

प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिकवायला शाळेत टॅब येतात आणि कपाटातच राहतात, मग आपण म्हणतो शिक्षकांना बदल नको असतो, पण खरं तसं नसतं हो. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या द्विशिक्षकी शाळेत एका बाईंकडे दोन-तीन वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची, पावसात लाईट जाणार, रेंजसाठी सड्यावर, म्हणजे उंच माळावर जायचं, मग नवीन ॲप म्हणजे अजून एक काम वाटणारच.

म्हणून आधी त्यांचं ऐकून घ्या. मग नेट मिळेल तिथे दीक्षावरचे व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा, 2017 पासूनचं सरकारी ॲप आहे, फुकट आहे, डाउनलोड झालं की नेट लागत नाही.

ट्रेनिंगला एकच विषय घ्या. समजा हातच्याची वजाबाकी. 52 मधून 27 वजा करून पोराने 35 लिहिलं तर त्याने एककात उलटे 7 मधून 2 काढलेत, आणि शेजारची मुलगी 25 लिहून मोकळी झालीय. त्याला हातच्याचा व्हिडिओ, जमलंच तर आधी काड्यांचे गठ्ठे, तिला सरळ शाब्दिक उदाहरणं. बरीच ॲप नुसती फुली मारतात, पोरगं कुठे अडलंय ते बाईंच्या नजरेला दिसतं, आणि हे त्यांना स्पष्ट सांगा कारण मशीन आपली जागा घेईल ही भीती बऱ्याच जणांच्या मनात असते.

आणि प्लीज, लगेच रिपोर्ट मागू नका, मागितला की सगळं फोटोपुरतं होतं. त्यापेक्षा शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, त्याच बाईंना दहा मिनिटं बोलू द्या, शेजारच्या शाळेतल्या बाईंचं शिक्षक पटकन ऐकतात.