हाडांच्या पेशी आणि बायोमटेरियल: या चुका टाळा

नव्या बायोमटेरियलच्या (शरीरात बसवण्यासाठी बनवलेल्या पदार्थाच्या) चकतीवर माणसाच्या हाडांच्या पेशी सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या मेलेल्या दिसल्या, की वहीत शेरा पडतो: ‘पदार्थ विषारी’. एवढी घाई नको. पदार्थात काय आहे याचा परिणाम बऱ्याचदा मीडियममार्फत, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात त्याच्यामार्फत, पेशींपर्यंत पोचतो. आधी ते तपासा.

४५एस५ बायोॲक्टिव्ह ग्लासचंच बघा. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये फ्लोरिडात शोधलेली ही काच जिवंत हाडाशी घट्ट जुळते. तिच्यात वजनाने २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड असतं. मीडियममध्ये पडताच सोडियम बाहेर येतं, त्या जागी पाण्यातले हायड्रोजन आयन आत जातात आणि पीएच चढतो, म्हणजे मीडियम अल्कधर्मी होतं. लालसर मीडियम गडद गुलाबी-जांभळं झालंय? मग पेशी का मेल्या हे फिनॉल रेडनेच (पीएचनुसार रंग बदलणाऱ्या, मीडियममधल्या रंगद्रव्याने) सांगितलं. अशी चकती आधी नुसत्या मीडियममध्ये भिजवा, मीडियम बदलत राहा आणि पीएच स्थिरावल्यावरच पेशी घाला. भुकटी वापरत असाल तर कणांचा आकार आणि मीडियमचं प्रमाण सगळीकडे सारखं ठेवा. नाहीतर तुम्ही काचेतल्या घटकांची नव्हे, ती किती बारीक दळलीय याची तुलना करत बसाल.

हायड्रॉक्सीॲपेटाइटची (हाडातल्या खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटची) तऱ्हा वेगळी. त्याचे काही प्रकार, विशेषतः कॅल्शियमची कमतरता असलेले, मीडियममधलंच कॅल्शियम ओढून घेतात. इथेही मीडियम बदलत राहावं, आणि काढलेल्या मीडियममधलं कॅल्शियम मोजावं.

सगळ्यात जास्त फसवतो तो अलिझरिन रेड, पेशींनी खनिज साठवलं का हे बघायला वापरतात तो रंग. तो कॅल्शियम रंगवतो. ते पेशींनी साठवलंय की मुळात चकतीतलंच आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कॅल्शियम फॉस्फेटची चकती पेशींशिवायही लालभडक होते. म्हणून त्याच मीडियममध्ये, तितकेच दिवस ठेवलेली पेशीविरहित चकती हवीच. तिचं रीडिंग वजा करा. जोडीला अल्कलाइन फॉस्फटेज आणि ऑस्टिओकॅल्सिन ही हाड घडवणाऱ्या पेशींची प्रथिनं बघा. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंवर एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) असाच दगा देते: गंजणारा धातू स्वतःच रंग बदलवतो आणि पेशी जोमात आहेत असं वाटतं. तिथे पेशी किती आहेत हे कळायला डीएनए मोजा.

प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या एमजी-६३ पेशी भराभर वाढतात, पण त्या हाडाच्या कर्करोगातून आलेल्या आहेत आणि खनिज घालण्यात कच्च्या. त्यांच्या वाढीवरून ‘हाड तयार होतंय’ असं लिहू नका.

पीएलएसारख्या (पॉलिलॅक्टिक ॲसिडसारख्या) पॉलिमरमध्ये गडबड उशिरा होते. तो विघटित होताना लॅक्टिक आम्ल सुटतं आणि त्याला महिने लागतात. तीन दिवसांच्या चाचणीत ते दिसणार नाही.