९६०० ला चालतं, ९२१६०० ला कचरा येतो? लेव्हल शिफ्टर तपासा

यूएआर्ट, म्हणजे साध्या सिरीयल जोडणीवर, कमी बॉडला (सेकंदाला कमी बिट्सच्या वेगाला) सगळं व्यवस्थित आणि स्पीड वाढवला की टर्मिनलवर कचरा, असं होत असेल तर कोडच्या मागे लागायच्या आधी लेव्हल शिफ्टर, म्हणजे एका व्होल्टेजचा सिग्नल दुसऱ्या व्होल्टेजला बदलणारं सर्किट, बघा. ईएसपी३२ ला (३.३ व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर) ५ व्होल्टच्या डिव्हाइसला जोडायला आपण जे स्वस्तातलं बीएसएस१३८ वालं मॉड्यूल घेतो ना, त्यात लाइन खाली ओढायला मॉस्फेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) आहे पण पूर्ण वर न्यायला फक्त १० के (किलोओहम) चा पुल-अप, म्हणजे लाइन वर ओढणारा रेझिस्टर, म्हणून सिग्नल खाली झटकन येतो आणि वर जाताना रेंगाळतो.

हिशोब सोपा आहे. वायर आणि पिना धरून १०० पिकोफॅरड झाले तर आरसी, म्हणजे सिग्नल वर चढायला लागणाऱ्या वेळेचं माप, १ मायक्रोसेकंद. ९६०० ला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो, तिथे काहीच फरक पडत नाही, पण ९२१६०० ला अख्खा बिटच १.०८ चा!

सिग्नल बघायला स्कोप (ऑसिलोस्कोप) लावताना प्रोब १०एक्स वरच ठेवा, १एक्स वर प्रोब स्वतःच साधारण १०० पिकोफॅरड टाकतो आणि मग बघताय ती गडबड प्रोबचीच असते. ग्राउंडची वायर आखूड घ्या. वर जाणारी कड २ व्होल्टच्या आसपास वाकून पुढे हळू चढत असेल तर दोष पुल-अपचा. लो शून्याजवळ येतच नसेल तर दोन आउटपुट एकमेकांशी भांडतायत का ते बघा, आरएक्स-टीएक्स (घेणारी आणि पाठवणारी पिन) उलटे लागलेले असतात बऱ्याचदा.

तात्पुरता इलाज म्हणजे दोन्ही बाजूंना १० के ला समांतर २.२ के लावायचा, म्हणजे १.८ के होतो, फक्त लो करणाऱ्या पिनला मग साडेचार मिलिअँपच्या आसपास करंट ओढावा लागतो तेवढं बघून घ्या.

पण माझं स्पष्ट मत, यूएआर्टची प्रत्येक लाइन एकाच दिशेने जाते तर दुहेरी शिफ्टर हवाच कशाला? ३.३ कडून ५ कडे ७४एएचसीटी१२५ ही बफर चिप (एकाच दिशेने सिग्नल जोरात पुढे ढकलणारी) लावा, ५ व्होल्टच्या सप्लायवर तो २ व्होल्टलाच हाय मानतो, आणि परतीला १ के-२ के चा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी दोन रेझिस्टरांची जोडी), वायर लांब असेल तर ३.३ वर चालणारा ७४एलव्हीसी१२५. इनेबल पिन ग्राउंडला जोडायला विसरू नका. बफर लावल्यावर कडेला रिंगिंग, म्हणजे सिग्नलची थरथर, दिसलं तर आउटपुटजवळ ३३ ते १०० ओहम सिरीजमध्ये टाका. टीएक्सएस०१०८ई हा दुहेरी शिफ्टर मात्र लांब केबलवर लावू नका, दिशा तो स्वतःच ओळखतो आणि रिंगिंगला खरी कड समजून बसतो. आयटूसीला (एकाच वायरवर दोन्हीकडून डेटा जाणारी जोडणी) ७४ वाला बफर चालणार नाही, तिथे मॉस्फेटवालंच ठेवा आणि पुल-अप कमी करा.