आरसी (रिमोटवर चालणाऱ्या छोट्या) पाणबुडीत कॅमेरा बसवायचा तं आधी वजनकाटा घेऊन बसा

राजेहो, मी पहिल्या वेळी कॅमेरा पुढच्या नाकात चिकटवला आन् सरळ गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात सोडली, तं पाणबुडी नाक खाली करून गाळात घुसली. शिंगाड्याच्या वेलातून काढायला बांबूला आकडा बांधून अर्धा दिवस गेला.

तं पहिले वजन. कॅमेरा पाणबुडीच्या कोरड्या, पाणी न शिरणाऱ्या नळीतच ठेवला तं हिशोब सोपा, कॅमेरा २५ ग्रॅमचा असला की तिथलंच वजनासाठी ठेवलेलं २५ ग्रॅम शिसं काढा, आन् नाक जड वाटलं तं बॅटरी थोडी मागे सरकवा. बाहेर वेगळ्या डब्बीत लावला की उलटं होते. ४ बाय ४ बाय ४ सेंटीमीटरची डब्बी ६४ ग्रॅम पाणी बाजूला सारते, कॅमेऱ्यासकट तिचं वजन ३५ भरलं तं ती २९ ग्रॅमनं वर ओढणार. खाली शिसं मात्र ३२ ग्रॅम लागते, काहून की शिसं स्वतःही थोडं पाणी सारतेच. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या चालतात. किराण्याचा काटा इथं कामाचा नाही, मी सोनाराकडे मोजून आणतो, तो हसते पण मोजून देते.

मोबाईलवर लाइव्ह पाहायचं डोक्यातून काढा. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं, पाण्यात वीतभर गेलं की खतम. म्हणून तं पाणबुडीवाले ४० नाही तं ७५ मेगाहर्ट्झचे जुने रिमोट जपून ठेवतात, गोड्या पाण्यात ते दीड-दोन मीटर तरी पोचतात. कोॲक्स (टीव्हीच्या केबलसारख्या) वायरनं वायफायचा अँटेना थर्माकोलवर तरंगत ठेवता येते, पण आमच्याकडे वायर वेलात गुंतते, म्हणून मी मेमरी कार्डावरच रेकॉर्ड करतो.

खिडकीला ३ मिलीमीटरचं ॲक्रिलिक घ्या. झटपट चिकटणारा गोंद लावू नका, त्याच्या वाफेनं ॲक्रिलिकवर पांढरी झाक येते. सिलिकॉन लावायचं तं न्यूट्रल क्युअरवालं, व्हिनेगरसारखा वास येणारं तांब्याच्या तारा खाते. एक दिवस पूर्ण वाळू द्या. झाकणाच्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कडीला सिलिकॉन ग्रीस लावा आन् उजेडात धरून पाहा, एक केस अडकला तरी पाणी आत येते. कॅमेरा न ठेवताच आत टिश्यू पेपर टाकून विटेसोबत रातभर गुरांच्या हौदात बुडवून ठेवा, सकाळी कागद कोरडा असला तरच पुढे जा.

फोकस घरीच करून घ्या. सपाट खिडकीतून पाण्यातली ४० सेंटीमीटरवरची वस्तू ३० वर असल्यासारखी दिसते, म्हणून हवेत ३० वर फोकस लावायचा. चित्रात दिसणारा भागही आवळल्यासारखा होते, घुमटाची खिडकी लावली तं तेवढं होत नाही, पण तो घुमट साफ करता करता जीव जाते. एलईडी लेन्सपासून जमेल तेवढा लांब लावा, जवळ असला की गाळाचे कणच चमकतात, धुक्यात गाडीचा लाइट मारल्यासारखं.

आन् आत सिलिका जेलची ताजी पुडी टाकाच. मी दमट दुपारी झाकण लावलं होतं, थंड पाण्यात जाताच काचेवर आतून दव, अकरा मिनिटांच्या व्हिडिओत निस्ता दुधी पडदा.

पावसाळ्यात घाई करू नका, पाणी चहासारखं असते. दिवाळीनंतर गाळ बसला की सोडा, रिमोटचा फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की पाणबुडीनं आपोआप काय करायचं ती सोय, वर येण्यावर लावा, आन् पहिल्या पाच-सहा खेपा शेपटाला नायलॉनची दोरी बांधूनच.