पॅनिक अटॅक आला तर काय करायचं, हे घरच्यांना आधीच कसं सांगून ठेवाल?

पॅनिक अटॅक आलेला असताना माणसाला दोन वाक्यंही धड बोलता येत नाहीत. घसा कोरडा पडलेला, हातापायांना मुंग्या, छातीत धडधड, आणि समोर चारजण एकदम विचारत असतात, "काय होतंय? अगं, काय होतंय?" उत्तर द्यायला श्वास कुठून आणायचा? म्हणून हे सगळं सांगायचं ते बरं असताना, शांतपणे आणि नेमक्या शब्दांत.

इंदूरच्या मराठी घरांत मदतीला माणसं कमी पडत नाहीत, उलट जास्तच होतात. एकजण पाणी आणतो, दुसरा पंखा वाढवतो, काकू मीठ-मोहऱ्या शोधायला धावतात, शेजारचे भैया गाडी काढून दारात उभे. माया सगळ्यांचीच खरी, पण त्या गडबडीनेच घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. त्यामुळे घरच्यांना आजाराची सगळी माहिती देत बसण्यापेक्षा प्रत्येकाला एकेक काम नेमून द्या. या लेखातली मुख्य गोष्ट हीच.

१. आधी डॉक्टर, मग घरचे

छातीत दुखणं, दम लागणं, घाम, थरथर ही पॅनिकची लक्षणं आहेत, पण हृदयाच्या त्रासात, थायरॉईड वाढल्यावर, रक्त कमी असल्यावर किंवा शुगर एकदम खाली गेल्यावरही असंच होऊ शकतं. पहिल्यांदा असं झालं असेल तर स्वतःच निदान करू नका. फॅमिली डॉक्टरांकडे जा, ते सांगतील त्या तपासण्या करा आणि गरज असेल तर सायकॅट्रिस्टला दाखवा. यावर चांगले उपचार आहेत. सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे, औषधं आहेत, आणि बऱ्याच जणांना दोन्ही मिळून उपयोग होतो.

मानसोपचार म्हटलं की इथल्या जुन्या पिढीला बाणगंगेचं मेंटल हॉस्पिटल आठवतं आणि बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. त्यावर वाद घालू नका. रिपोर्टची फाईल समोर ठेवा आणि म्हणा, "बाबा, ईसीजी नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले, हा पॅनिक अटॅक आहे आणि तो बरा होतो." आपल्याकडचे वडील मुलांपेक्षा रिपोर्टवर जास्त विश्वास ठेवतात. त्याचा फायदा घ्या.

२. सगळ्यांना सांगू नका

तीन माणसं पुरतात: एक घरातलं, एक कामाच्या किंवा कॉलेजच्या ठिकाणचं आणि एक फोनवर मिळणारं, मग ते पुण्याला का असेना. यात जवळच्या नात्यापेक्षा शांत स्वभाव महत्त्वाचा. आईवर कितीही प्रेम असलं तरी ती स्वतःच रडायला लागणारी असेल, तर अटॅकच्या वेळी जवळ बसण्याचं काम वहिनीला किंवा धाकट्या भावाला द्या. आईला दुसरं काम द्या, पण द्याच. बिनकामाची आई स्वस्थ बसत नाही.

फॅमिली ग्रुपवर मात्र टाकू नका. अर्ध्या तासात काढ्यापासून रत्नाच्या अंगठीपर्यंत सगळं येऊन पडेल.

३. वेळ निवडा आणि थोडक्यात सांगा

रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर, एकेकाला वेगळं गाठून बोला. सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की त्याची बैठक होते आणि बोलणं तुमच्या लग्नावर, नोकरीवर, मोबाईलवर घसरतं.

आजार समजावताना लांबण लावू नका. मला एकच उदाहरण पुरेसं वाटतं: बोनेटवर मांजर बसलं तरी गाडीचा अलार्म वाजतो. चोर नसतो, पण अलार्म खराच वाजत असतो. शरीराचंही तसंच. संकट नसताना अ‍ॅड्रेनालिन, म्हणजे घाबरल्यावर सुटणारं हार्मोन, सुटतं आणि हृदय धावायला लागतं. त्यापुढे एवढंच म्हणा: मी नाटक करत नाहीये, मला खरंच मरतोय असं वाटतं, पण त्याने मी मरत नाही. साधारण दहा मिनिटांत ते सगळ्यात वर जातं आणि मग हळूहळू उतरतं, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. हे शेवटचं वाक्य घरच्यांना पाठच करायला लावा, कारण समोरचं माणूस तडफडत असताना दहा मिनिटं फार लांब वाटतात.

नवऱ्याला किंवा भावाला असं सांगता येईल: "हे बघ, मला असं झालं की तू माझ्याशेजारी बस. 'दहा मिनिटांत उतरेल, मी इथेच आहे' एवढंच म्हण. प्रश्न विचारू नकोस. मी हात पुढे केला तर धर, नाही केला तर नको."

सासूबाईंना: "आई, मला मधूनमधून छातीत धडधडतं, डॉक्टरांनी तपासलंय. तेव्हा तुम्ही पोरांना आतल्या खोलीत न्याल का? दृष्ट नंतर काढा, मी नाही म्हणणार नाही."

लहान मुलांपासून लपवू नका. त्यांना सगळं दिसतं आणि ती स्वतःच्या मनाने भलतंच ठरवतात. "आईला कधीकधी खूप भीती वाटते, थोड्या वेळाने जाते, तुझ्यामुळे नाही होत" एवढं पुरे.

४. नेमकं काय करायचं, ते कामासारखं सांगा

"मला सपोर्ट कर" याने कुणालाच काही कळत नाही. पुढच्यातलं तुम्हाला लागू पडेल तेवढं निवडा.

श्वासाबद्दल सांगणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच गल्लत होते. घरातला प्रत्येकजण म्हणणार, "खोल श्वास घे, जोरात घे." पॅनिकमध्ये माणूस आधीच भराभर आणि जास्त श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, चक्कर, बोटं आखडणं हे सगळं वाढतं. आता आणखी जोरजोरात श्वास घेतला तर त्यात भरच पडते. हवा असतो तो हळू श्वास, आणि आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. नाकाने चार अंक मोजेपर्यंत आत, सहा अंक मोजेपर्यंत बाहेर. मदतीच्या माणसाने तोंडाने हुकूम सोडायचे नाहीत. शेजारी बसून स्वतः तसा श्वास घ्यायचा, अंक हळू आवाजात मोजायचे. तुम्ही त्याच्या लयीत मागोमाग श्वास घेता. नाही जमलं तर सोडून द्यायचं, जबरदस्ती नाही. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याची जुनी युक्ती कुणाच्या डोक्यात असेल तर तीही काढून टाका. त्रास दमा किंवा हृदयाचा निघाला तर ती धोक्याची ठरते.

दुसरं काम लक्ष बाहेर आणण्याचं. दिसणाऱ्या पाच गोष्टी सांग, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वास येणाऱ्या दोन आणि चवीची एक. बोलता येत नसेल तर मदतीच्या माणसाने स्वतः म्हणावं, "ती बघ निळी बादली, ते कॅलेंडर." ऐकायला पोरकट वाटतं, पण पुष्कळांना उपयोग होतो. माझ्या मते घरातल्या आजीचं शांत, एका लयीतलं स्तोत्रही हेच काम करतं, अट एवढीच की ते तुम्हाला आवडत असावं आणि आजींनी घाबरून जोरात सुरू करू नये.

बाकी छोटी कामं: पाण्याचा ग्लास हातात द्यायचा, तोंडात ओतायचं नाही. गळ्याजवळचं बटण किंवा ओढणी सैल करायची. टीव्ही बंद. ओला रुमाल चेहऱ्यावर चालत असेल तर तसं आधी सांगून ठेवा. आणि चहा नको. आपल्याकडे कुठल्याही संकटावर आधी चहा ठेवला जातो, पण त्यातल्या कॅफिनने धडधड वाढू शकते. चहा ठेवल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी तो घरातल्या इतरांना द्यावा.

डॉक्टरांनी अशा वेळेसाठी गोळी दिली असेल तर ती कुठे ठेवली आहे आणि किती घ्यायची, हे एका माणसाला माहीत असू दे. शेजाऱ्यांची "घबराहटची गोळी" कुणाच्याही आग्रहाने घ्यायची नाही. त्यातल्या काहींची सवय लागते.

५. काय बोलू नका, हेही सांगा

"काही झालेलं नाही", "मन घट्ट कर", "एवढं शिकलेली तू", "आमच्या वेळी असलं काही नव्हतं". ही वाक्यं बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणाऱ्याला भीतीच्या जोडीला लाज वाटू लागते. म्हणून नुसतं "असं बोलू नका" म्हणून थांबू नका, त्याऐवजी काय बोलायचं तेही द्या. "काही झालेलं नाही" याच्या जागी "कळतंय मला, उतरेल आता." रिकामी जागा ठेवली की जुनं वाक्य परत येतं. फोनवरच्या भावालाही हेच सांगा. त्याने व्हिडिओ कॉल लावून चेहरा न्याहाळू नये, साध्या कॉलवर हळू आवाजात बोलत राहावं.

६. राजवाड्यावर, सराफ्यात, ऑफिसात

घराबाहेर अटॅक आला की एक अडचण इंदुरात हमखास येते: तुमची तयारी मराठीत आणि आजूबाजूची माणसं हिंदी. म्हणून मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर किंवा पाकिटात हिंदीत चार ओळी ठेवा: "मुझे पैनिक अटैक आया है। थोड़ी देर में ठीक हो जाता है। कृपया भीड़ मत लगाइए, मुझे बैठने दीजिए और इस नंबर पर फोन कर दीजिए।" ऑफिसातल्या माणसालाही हिंदीतच, सरळ सांगा: "कभी घबराहट का दौरा पड़े तो मुझे खाली मीटिंग रूम में ले जाना, सबको मत बुलाना।" बॉसला सांगायचं की नाही, हा तुमचा प्रश्न. सांगायलाच हवं असं काही नाही.

सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार किंवा रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, अशा ठिकाणी जायचंच असेल तर सोबतच्या माणसाशी निघण्याआधी दोन गोष्टी ठरवा. एक खूण, समजा हात दोनदा दाबणं, म्हणजे गर्दीत ओरडावं लागणार नाही. दुसरी, बाजूला उभं राहायची जागा. राजवाड्याजवळ असाल तर समोरच्या अहिल्याबाईंच्या पुतळ्याची बाग बरी, सराफ्यात एखाद्या बंद दुकानाची पायरी. गेरीच्या दिवशी मात्र ती बागही गर्दीत बुडते, तेव्हा कडेच्या गल्लीतलंच ठिकाण बघा.

इथे एक गोष्ट घरच्यांना पटवायला कठीण जाते. अटॅक आला की लगेच गाडीत घालून घरी आणायचं नाही. बाजूला बसायचं, उतरू द्यायचं, मग पुढे जायचं की परतायचं ते तुम्ही ठरवायचं. दर वेळी पळून आलं की मेंदूला वाटतं, ती जागाच धोक्याची होती. मग सराफा सुटतो, लग्नांना जाणं सुटतं, शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही सोबत लागते. फार काळजी करणाऱ्या घरांत हे जास्त होतं. "एकटी नको जाऊस" हे प्रेमाने म्हटलेलं वाक्यही आजार वाढवू शकतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

७. एकदा तालीम करा

बरं असताना दहा मिनिटांची रंगीत तालीम घ्या. कोण कुठे बसणार, कोण पोरांना नेणार, श्वास कसा मोजणार. हसू येईल, येऊ दे. नंतर हीच कामं तीन-चार ओळींत कागदावर लिहा. तो फ्रिजच्या दारावर नको, पाहुणे वाचतात. कपाटाच्या आतल्या बाजूला लावा.

८. थांबायचं नाही, अशा वेळा

पॅनिकमध्ये "चक्कर येऊन पडेन" असं वाटतं, पण माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. खरंच बेशुद्ध पडला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात पसरलं, जिना चढताना किंवा श्रमाने सुरू झालं, ओठ निळसर पडले, किंवा हा त्रास नेहमीच्या अटॅकसारखा नाही असं तुम्ही म्हणालात, तर कुणीही "पॅनिकच असेल" म्हणत बसायचं नाही. १०८ ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. वय जास्त असेल, बीपी किंवा डायबिटीस असेल तर शंकेला जागाच ठेवू नका. डायबिटीसवाल्यांच्या घरी शुगर तपासायचं मशीन असतं, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ते लावायचं.

जगणंच नकोसं झालंय असं मनात येत असेल तर तेही या तीन माणसांपैकी एकाला सांगून ठेवा, आणि अशा वेळी तुम्हाला एकटं सोडायचं नाही, हे त्याचं काम. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. तिचा नंबर १४४१६, तो २४ तास चालतो आणि भाषा निवडता येते.

९. अटॅक उतरल्यावर

माणूस गळून जातो. तासभर झोपू द्यावं, खायला द्यावं, "कशामुळे झालं?" ही चौकशी त्या दिवशी करू नये. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही स्वतः विषय काढा: कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही. उपचार सुरू असतील तर काही महिन्यांत गरजा बदलतात. पूर्वी हात धरलेला हवा असायचा, आता नको वाटतो. तसा कागदही बदला.

जवळ बसणारं माणूसही दमतं, त्याला रात्री झोप लागत नाही, पण ते तुमच्यासमोर बोलून दाखवत नाही. त्याचं काम अधूनमधून दुसऱ्याला द्या. आणि त्याला सांगा, १४४१६ हा नंबर फक्त आजारी माणसासाठी नाही, सांभाळणाऱ्यानेही लावला तरी चालतो.