डार्विन नऊ वर्षं उशिरा आला

एमएच्या पहिल्या वर्षी टेनिसन या इंग्रज कवीवरच्या उत्तरात मी ठोकून दिलं होतं की त्याच्या 'इन मेमोरियम' या शोककवितेतला रक्ताळलेल्या दातानखांचा निसर्ग ही डार्विनची देणगी. वाक्य गाइडमधलं, तोंडपाठ, अक्षरही जरा निगुतीनं काढलेलं. पेपर हातात आला तेव्हा समासात लाल शाईत दोनच आकडे होते: १८५० आणि १८५९. कविता आधीची, डार्विनचं पुस्तक नंतरचं. पंधरापैकी पाच.

मग टेनिसनने ते घेतलं कुठून? हे शोधायला लायब्ररीत बसलो आणि त्या एका आठवड्यात जे शिकलो ते आधीच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो. चार्ल्स लायेल नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाचा तीन खंडांचा ग्रंथ १८३० ते १८३३ या काळात आला आणि टेनिसनने तो वाचला होता. खडकांत सापडणारे जीवाश्म सांगत होते की एखादा प्राणी मरतो एवढंच नाही, अख्ख्या प्रजाती पुसल्या जातात. त्याच १८३३ साली टेनिसनचा जिवलग मित्र हॅलम अचानक गेला. एकाच्या मरणाचा शोक करायला बसलेला कवी प्रजातींच्या मरणापाशी का पोचतो, हे इथे उलगडतं. गाइडमधलं 'विज्ञान विरुद्ध श्रद्धा' हे शीर्षक चुकीचं नाही, पण त्यातून हे काही कळत नाही.

आता इंग्रजी घेऊन एमएला आलेल्यांना माझं सांगणं एवढंच: 'बॅकग्राउंड' हे युनिट वेगळं पाठ करू नका. राजा कोण, क्रांती कधी, ही यादी चार दिवसांत विसरायला होते. एक वही घ्या. डाव्या पानावर घटना, उजव्या पानावर पुस्तक, आणि मधल्या जागेत एकच प्रश्न: ही घटना लेखकाच्या टेबलापर्यंत नेमकी कुठून पोचली? कायद्यातून, तुरुंगातून, पैशातून की वाचलेल्या पुस्तकातून? उत्तर सापडलं नाही तर ती ओळ खोडा.

माझ्या वहीतली सगळ्यात भरलेली नोंद १७३७ ची. हेन्री फील्डिंग तेव्हा कादंबरीकार नव्हताच. लंडनच्या हेमार्केटमधल्या छोट्या थिएटरात तो पंतप्रधान वॉलपोलची टर उडवणारी नाटकं करायचा. १७३७ च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टने प्रत्येक नवी संहिता आधी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे मंजुरीला पाठवणं सक्तीचं केलं आणि फील्डिंगचं दुकान बंद झालं. तो वकिली शिकला, १७४० मध्ये सनद मिळाली, आणि १७४२ मध्ये 'जोसेफ अँड्र्यूज' आली. तिच्या शेवटाकडचा रात्रीचा प्रसंग वाचा. पार्सन अ‍ॅडम्स अंधारात चुकीच्या खोलीत शिरतो, तिथून निघतो तो दुसऱ्याच चुकीच्या बिछान्यात जाऊन झोपतो. निव्वळ फार्स! रंगमंच हातचा गेलेला नाटककार कागदावर दारं उघडतो-मिटतो आहे. (खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली हे शाळेपासून माहीत होतं. हेच हत्यार त्यांनी स्वतःच्या घरात पावणेदोनशे वर्षं आधी चालवलं होतं, हे मात्र एमएला कळलं.)

पण घाई नको. 'कायद्यामुळे कादंबरी जन्मली' असं लिहिलंत की पुन्हा लाल शाई. 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ मध्येच येऊन गेली होती आणि रिचर्डसनच्या 'पामेला'चा या कायद्याशी संबंध नाही. कायद्याने एक माणूस नाटकातून उठवून कादंबरीत बसवला, एवढंच म्हणा.

मिल्टनची सगळ्यांना धास्ती असते. तो वाचायचा असेल तर आधी १६६० पाहा. राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद योग्यच होता असं छापून सांगणारा हा माणूस, राजाविरुद्ध लढून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीत परदेशी पत्रव्यवहार सांभाळणारा, १६५२ पर्यंत पूर्ण आंधळा. १६६० मध्ये राजेशाही परत आली, त्याची पुस्तकं जाहीर जाळली गेली, तो काही काळ तुरुंगातही गेला. १६६७ मध्ये 'पॅरडाइज लॉस्ट' छापलं, हातात आले पाच पौंड. आता त्याचा दुसरा सर्ग मोठ्याने वाचा. देवाविरुद्ध सैतानासोबत बंड करून हरलेल्या देवदूतांची नरकात सभा भरली आहे. मोलॉक म्हणतो पुन्हा लढू, बिलायल म्हणतो गप्प बसू, मॅमन म्हणतो इथेच काय ते उभारू. निवडणूक हरलेल्या पक्षाची चिंतन बैठक अगदी अशीच चालते. मात्र सैतान म्हणजे क्रॉमवेल असं सरळ समीकरण मांडू नका. राजाविरुद्ध उभा राहिलेला कवी बंडखोराच्या तोंडी सगळ्यात देखणी भाषा देतो आणि त्यालाच दोषी ठरवतो; ही गाठ सुटत नाही, म्हणून तर तीनशे वर्षं भांडण चालू आहे.

विसाव्या शतकाचं फारसं सांगत नाही. दोन महायुद्धं आणि फ्रॉइड सगळेच लिहितात, तुम्हीही लिहाल.

नेटसाठी, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेसाठी, एक व्यवहाराची गोष्ट. कालक्रम लावायचे प्रश्न येतात, आणि तिथे लिहिल्याचं साल आणि छापल्याचं साल यांत गफलत होते. मँचेस्टरला १६ ऑगस्ट १८१९ रोजी सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर शांत जमावावर घोडदळ घातलं गेलं; हेच पीटर्लू हत्याकांड. कवी शेली तेव्हा इटलीत होता. बातमी कळताच त्याने 'द मास्क ऑफ अ‍ॅनार्की' लिहून लंडनला धाडली. तिथे संपादक ली हंटची छापायची हिंमत झाली नाही. शेली १८२२ मध्ये बुडून गेला आणि कविता छापून आली १८३२ मध्ये, मतदानसुधारणेचा कायदा झाला त्या साली. माझ्या वहीत ती दोन पानांवर आहे: १८१९ च्या पानावर पेन्सिलीने, १८३२ च्या पानावर शाईने.