इंग्लंडमधे आई-बाबांना जीपीकडे (म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नेताना काय काय मागून घ्यायचं

इंग्लंडमधे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, कॅरिबियन घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना टाइप २ डायबेटिस गोऱ्यांपेक्षा जास्त होतो, आणि लोक खाण्यापिण्यावर खापर फोडून मोकळे होतात, पण दुखणं डॉक्टरला नीट सांगताच आलं नाही तर इलाज तरी कसा नीट होणार?

म्हणून पहिली गोष्ट इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषा. अपॉइंटमेंट घेतानाच भाषा सांगून मागायचा, एनएचएसमधे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, पेशंटला तो फुकट असतो, आणि भाषेची नोंद रेकॉर्डवर करून घ्या म्हणजे दरवेळी नव्याने सांगायला नको. सोबत डबल वेळेची अपॉइंटमेंटही मागा, कारण बोलणं दोनदा होतं. तुम्ही स्वतः भाषांतर करत बसू नका प्लीज. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर परत अंगावरून रक्त जायला लागलं तर ते आई मुलासमोर किंवा जावयासमोर बोलणारच नाही, आणि नेमकं तेच लगेच तपासायला हवं असतं कारण ते कॅन्सरचं लक्षण असू शकतं. शिवाय वाईट बातमी असली की आपण ती गाळूनच सांगतो, मायेपोटी का होईना.

विसरायला होतंय असं वाटलं तरी तेच. इंग्रजीतली टेस्ट, त्यात शाळा कमी झालेली, मग मार्क कमी पडणारच. मेमरी क्लिनिकला रुडास (RUDAS) नावाच्या स्मरणशक्तीच्या टेस्टबद्दल विचारा, ती वेगवेगळ्या भाषांच्या आणि कमी शिकलेल्या लोकांना डोळ्यासमोर ठेवूनच बनवलीय.

वजनाचं म्हणाल तर आपल्या लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २३ च्या वर गेला की धोका वाढला आणि २७.५ ला तो जास्तच धरतात, गोऱ्यांसाठीचे २५ आणि ३० चे आकडे आपल्याला लावायचे नाहीत.

सावळ्या कातडीवर ऑक्सिमीटर कधीकधी ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, तेव्हा आकडा चांगला आहे म्हणून दम लागलेल्या माणसाला घरी बसवून ठेवू नका. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीवर, टाचांवर बेडसोरची (पडून पडून होणाऱ्या जखमेची) लाली दिसेल म्हणून वाट बघू नका, सावळ्या कातडीवर ती सहज दिसत नाही, हात लावून बघायचं, गरम किंवा कडक लागतंय का, आणि तसं लागलं तर नर्सला त्याच दिवशी सांगायचं.

आणि हो, जीपीकडे नाव नोंदवायला पासपोर्ट, व्हिसा किंवा पत्त्याचा पुरावा लागत नाही. रिसेप्शनवर कागद नाहीत म्हणून परत पाठवलं तर प्रॅक्टिस मॅनेजरला भेटायचंय म्हणा आणि नाही म्हणायचं कारण लेखी मागा.